‘४५ दिवसांचं’ पिल्लू घरी आणताय? आधी त्याचं तोंड उघडून बघा

पिल्लू विकणारा असो की फुकट देणारा, वय विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘४५ दिवसांचं आहे.’ हे खरं मानलं तरी ते लवकरच आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल आणि विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि ४५ दिवसांचं म्हणून दिलेली बरीच पिल्लं प्रत्यक्षात महिन्याच्या आसपासची असतात. वयाचा हा घोळ आधी सोडवायला हवा, कारण काय पाजायचं, किती ऊब द्यायची, जंताचं औषध कधी आणि लस कधी, हे सगळं वयावर ठरतं.

वय दात सांगतात. तीन आठवड्यांच्या आत हिरड्या कोऱ्या असतात. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सुळे आणि पुढचे बारीक दात फुटतात. मागच्या दुधाच्या दाढा चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत एकूण २८ दात पूर्ण होतात. स्वच्छ बोट गालाच्या आतून मागे फिरवा. दाढा लागल्याच नाहीत तर विकणारा काहीही म्हणो, पिल्लू महिनाभराचं धरून चाला. डोळे मिटलेले असतील तर ते दोन आठवड्यांच्याही आतलं आहे. डोळे साधारण १० ते १४ दिवसांत उघडतात आणि कान त्यानंतर.

तोंड उघडलंच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. टाळूला फट आहे का? अशा पिल्लाचं दूध नाकातून बाहेर येतं आणि ते छातीत जाण्याचा धोका मोठा असतो. दुसरी गोष्ट हिरड्यांचा रंग. गुलाबी आणि ओल्या हिरड्या चांगल्या. पांढरट हिरड्या म्हणजे बहुधा जंत, पिसवा किंवा गोचिडांनी रक्त प्यायलं आहे. निळसर म्हणजे श्वासाचा त्रास. कोरड्या, चिकट म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का ते बघण्याची पद्धत इतक्या लहान पिल्लात फसवते, त्यापेक्षा हिरड्यांवर आणि लघवीच्या रंगावर भरवसा ठेवा. लघवी जवळपास बिनरंगी हवी. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाबद्दल एक सूचना. पावसाळा सरल्यावर आणि थंडीत आडोशाला पिल्लांचा घोळका दिसतो आणि कुणीतरी दया येऊन त्यातलं एक उचलतं. आई बहुतेकदा खायला शोधायला गेलेली असते. पिल्लं स्वच्छ, गुटगुटीत आणि एकमेकांना बिलगून शांत झोपलेली असतील तर हात लावू नका. लांब उभं राहून दोन-तीन तास वाट बघा. आई खरंच नसेल, पिल्लू गार पडलं असेल, अंगावर माश्या बसत असतील किंवा जखमेत अळ्या दिसत असतील, तर मात्र थांबू नका. जखमेत रॉकेल, फिनेल किंवा डांबरगोळीची पूड घालू नका; इतक्याशा जिवाला ते विष आहे. सरळ दवाखाना गाठा.

आधी ऊब, मग दूध

नव्या माणसाकडून सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गारठलेल्या पिल्लाला घाईघाईने दूध पाजणं. शरीर गार असलं की पचन थांबतं. पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं, नाहीतर ते उलटून श्वासनलिकेत जातं. म्हणून आधी तापमान घ्या. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो: टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात सेंटिमीटरभर आत, बीप वाजेपर्यंत. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट हेच नॉर्मल असतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००, आणि चौथ्या आठवड्यानंतर १०० ते १०२. म्हणजे माणसाला १०१ हा ताप असला तरी सहा आठवड्यांच्या पिल्लाला तो नाही, आणि त्यासाठी क्रोसिन तर मुळीच द्यायची नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ही माणसांची औषधं पिल्लाचं यकृत, किडनी आणि आतडी खराब करू शकतात.

तापमान ९५ च्या खाली असेल तर तोंडाने काहीही नको. पिल्लू कोरडं करा, छातीशी धरा, वर गोधडी घ्या. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून जवळ ठेवा, पण पिल्लू थेट तिच्यावर ठेवू नका. त्याला सरकून दूर जाता येत नाही आणि पोट भाजतं. एक ते तीन तासांत सावकाश ऊब येऊ द्या. हेअर ड्रायरने झटपट गरम करायला गेलात तर नुकसान जास्त.

पुढच्या दिवसांसाठी पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. तळाला वर्तमानपत्र, वर जुनी सुती चादर, आणि ऊब खोक्याच्या फक्त अर्ध्या भागात, म्हणजे गरम झालं तर पिल्लू दुसऱ्या बाजूला जाईल. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाजवळ २९ ते ३२ अंश सेल्सियस लागतं, दुसऱ्यात २७ ते २९, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत २४ चालतं. बल्ब लावणार असाल तर जुना तारेचा ४० किंवा ६० वॉटचा, दोन फूट उंच टांगलेला. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पिल्लं एकावर एक चढून झोपत असतील तर थंडी वाजतेय. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हा दुसरा धोकाच मोठा असतो. तेव्हा बल्ब काढून टाका, पण कूलरचा दमट झोतही अंगावर येऊ देऊ नका.

दूध कुठलं आणि किती

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रोटीन आणि स्निग्धांश सुमारे दुप्पट असतात आणि लॅक्टोज (दुधातली साखर) कमी. त्यामुळे गाईचं दूध, त्यात वर पाणी घालून पाजलं, की पिल्लाचं पोट भरल्यासारखं दिसतं, वजन वाढत नाही आणि जुलाब सुरू होतात. दूध-बिस्किटाची गोष्ट त्याहून वाईट: मैदा, साखर आणि लॅक्टोज एकत्र. औषधांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिल्लांसाठी दूध पावडर मिळते, तीच आणा आणि डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. रात्री अकराला पिल्लू हातात आलं आणि दुकानं बंद असली तर एका रात्रीपुरतं हे चालेल: अर्धा कप मलईसकट दूध, अर्धा कप उकळून कोमट केलेलं पाणी, दोन अंड्यांचे पिवळे बलक, एक छोटा चमचा खाद्यतेल. पांढरं घालू नका. कच्च्या पांढऱ्यामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही. साखर नको, मध नको. उरलेलं फेकून द्या.

प्रमाण वजनावर काढायचं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून पिल्लू तोला. दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसभरात पहिल्या आठवड्यात साधारण १३ मिलिलिटर, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात २२ मिलिलिटर दूध. एका वेळी मात्र १०० ग्रॅममागे ४ मिलिलिटरपेक्षा जास्त नको, कारण जठर तेवढंच असतं. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातलं अर्ध्या किलोचं पिल्लू दिवसाला १०० मिलिलिटर पिईल, पण एका वेळी २० च. निदान पाच वेळा पाजावं लागेल, त्यातली एक वेळ रात्रीची. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी उठायची तयारी हवी. ते जमणार नसेल तर इतकं लहान पिल्लू घेऊच नका, किंवा नुकतीच व्यायलेली दुसरी कुत्री ओळखीत आहे का ते बघा.

पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आईला पितं तसं. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. सिरिंजपेक्षा निपलची बाटली बरी. बाटली उलटी केली की थेंब सावकाश गळायला हवा; धार लागत असेल तर भोक मोठं आहे. दूध मनगटावर कोमट लागेल एवढंच गरम. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठ थोपटा. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला शी-शू स्वतःहून होत नाही, आई चाटून करवते. तुम्ही कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलकेच फिरवा. हे प्रत्येक दुधानंतर करायचं. विसरलात तर पोट फुगतं आणि लोक त्याला गॅस समजतात.

शी पिवळी, पातळ आणि भरपूर झाली तर बहुधा जास्त पाजलंय. एक दिवस पावडरीचं दूध निम्मं पाणी घालून द्या आणि एका वेळचं प्रमाण कमी करा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर.

रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा. वजन रोज वाढायलाच हवं. एक दिवस जागेवर राहिलं तर लक्ष ठेवा, दुसऱ्या दिवशी घटलं तर पिल्लू खेळतंय का, खातंय का याची वाट न बघता दवाखान्यात न्या. आजार वजनात आधी दिसतो, वागण्यात नंतर.

चौथ्या आठवड्यापासून पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात किंवा त्याच दुधात भिजवून, मऊ लगदा करून पसरट ताटलीत द्या. सहा-सात आठवड्यांपर्यंत दिवसातून चार वेळा. घरचंच द्यायचं असेल तर नुसता दूधभात पुरत नाही, उकडलेलं अंडं किंवा हाडं काढून शिजवलेलं चिकन त्यात हवं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कधीच नको. आणि कॅल्शियमची ती बाटली! जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर, ग्रेट डेन घेतलं की कुणीतरी हाडं मजबूत होतील म्हणून ती हातात देतंच. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, आणि मोठ्या जातींत त्यानेच हाडं वाकडी होतात. पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात ते पुरेसं असतं.

साखर उतरते तेव्हा

पॉमेरेनियन, शित्झू, चिवावा अशी छोट्या जातींची पिल्लं आणि कुठलंही अशक्त, जंतांनी भरलेलं पिल्लू चार-सहा तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर घसरते. लांबच्या प्रवासात हे नेमकं होतं. पिल्लू लुळं पडतं, झोकांड्या देतं, मान हलते, शेवटी झटके येतात. चिमूटभर ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडले तरी ते तात्पुरतं असतं. ऊब द्या आणि दवाखान्यात न्या, शिरेतून ग्लुकोज लागू शकतं.

जंत आणि बाहेरचे रक्तपिपासू

जंत नसलेलं पिल्लू क्वचितच. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात आणि अंकुशजंत दुधातून येतात. म्हणून औषध दोन आठवड्यांचं झाल्यावर सुरू करून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. या वयात सहसा पायरँटेलचं द्रव औषध देतात, डोस वजनावर. मुलांसाठी आणलेली अल्बेंडॅझोलची गोळी तोडून देऊ नका. कुत्र्यांत तिने अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. औषधानंतर एक-दोन दिवस शीमध्ये शिजलेल्या शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका, औषध लागू पडलंय. बारीक अंग, फुगलेलं पोट आणि निस्तेज केस ही जंतांची खूण आहे, खाऊन पोट भरल्याची नाही. पण शी काळीकुट्ट, चिकट आणि हिरड्या पांढऱ्या असतील तर अंकुशजंतांनी आतून रक्त प्यायलंय. तिथे नुसतं औषध पुरत नाही, रक्त चढवावं लागू शकतं. या जंतांची अंडी आणि अळ्या माणसांनाही बाधतात. घरात रांगणारं मूल असेल तर शी ताबडतोब उचला आणि हात साबणाने धुवा.

पिसवा आणि गोचिडांचंही तसंच. मुठीत मावणाऱ्या पिल्लाच्या अंगावर पन्नासेक पिसवा म्हणजे गंमत नाही. बारीक दातांच्या फणीने विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांत चिरडू नका, रॉकेल लावू नका. दुकानात सहज मिळणारं गोचिडांचं अंघोळीचं औषध, ज्यात अमिट्राझ असतं, ते चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको. कापूर घातलेलं तेलही नको. पिल्लू ते चाटतं आणि झटके येऊ शकतात. महिनाभर चालणाऱ्या गोळ्या साधारण आठ आठवड्यांनंतर आणि ठरावीक वजनाच्या पुढेच देतात. आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचं इंजेक्शन कुणी सहज टोचून देत असेल तर नको म्हणा, विशेषतः कोली जातीच्या रक्ताच्या पिल्लाला.

अंघोळ आठ आठवड्यांपर्यंत टाळा. कोमट ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा.

लस: एक डोस म्हणजे लस झाली असं नाही

आईच्या पहिल्या चिकापासून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते, आणि टिकते तोवर ती लसीलाही निकामी करते. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते, डॉक्टर पैसे उकळतात म्हणून नव्हे. साधारण क्रम असा: सहाव्या आठवड्यात पार्वो आणि डिस्टेंपर या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची पिल्लांची लस, आठव्या-नवव्या आठवड्यात अनेक आजारांवरची एकत्रित लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. हा शेवटचा डोसच सगळ्यात जास्त चुकवला जातो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. रेबीजची लस १२ आठवडे पूर्ण झाल्यावर. मुंबई-कोकणासारख्या पावसाच्या भागात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस आजाराच्या) लसीचे दोन डोस पावसाळ्याआधी पूर्ण होतील असं बघा.

विकणाऱ्याने ‘एक लस झालीय’ म्हणून कार्ड दिलं तर त्यावर लसीच्या कुपीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांची सही-नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नुसतं पेनने लिहिलेलं असेल तर लस झालेली नाही असं धरून डॉक्टरांना सांगा. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. पिशवीत घालून फिरवलेली कुपी टोचून उपयोग नाही. ताप, जुलाब असलेल्या पिल्लाला लस देत नाहीत, आणि जंताचं औषध आधी झालेलं बरं.

लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, सोसायटीच्या बागेत, इतर कुत्री हागतात-मुततात तिथे पिल्लू जमिनीवर ठेवू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. तीन ते चौदा आठवड्यांत जे आवाज, माणसं, वाहनं बघितली नाहीत त्यांना ते पुढे आयुष्यभर भितं. कडेवर घेऊन फिरवा. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी.

पार्वोसाठी वाट बघायला वेळ नसतो. संसर्ग झाल्यावर सहसा तीन ते सात दिवसांत सुरुवात: खाणं बंद, पडून राहणं, उलट्या, मग उग्र वासाचे रक्ताळ जुलाब. यातली पहिली दोन लक्षणं दिसली तरी दाखवा. शीची किटवर तपासणी काही मिनिटांत होते. उपचार म्हणजे मुख्यतः शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारं औषध आणि अँटिबायोटिक. वेळेत दाखल केलेली बरीच पिल्लं वाचतात. घरी दहीभात आणि साखर-मिठाचं पाणी पाजत बसलेल्यांची फार थोडी. उलट्या चालू असताना सिरिंजने पाणी ढकलू नका.

पार्वोचा विषाणू फरशीच्या सांदीत, मातीत वर्षभर टिकू शकतो आणि फिनेलने मरत नाही. आधी साबणाने घासून धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ओलं राहू द्या. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात याआधी पार्वोने पिल्लू गेलं असेल तर वर्षभर बिनालसीचं पिल्लू आणू नका. आणायचंच तर लस पूर्ण झालेलं, मोठं आणा.

डिस्टेंपर हळू येतो: डोळ्यांत-नाकात घट्ट चिपाड, खोकला, ताप, आणि काही आठवड्यांनी जबडा किंवा पाय सारखा फडफडणं. सर्दी समजून सोडू नका.

तुम्हाला चावलं तर

पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसणार, हा समज जीवघेणा आहे. रस्त्यावरचं, आई माहीत नसलेलं पिल्लू दात लावून ओरखडा काढतं आणि घरचे हसून सोडून देतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) ही लागतं. दहा दिवस पिल्लाकडे बघू आणि मग ठरवू, असं करू नका. लस सुरू करून बघा. पिल्लाच्या अंगावर गोल चट्टे किंवा कानाच्या कडेला, कोपरावर खरूज दिसली तरी मुलांना दूर ठेवा, नायटा आणि खरूज दोन्ही माणसांना लागतात.

पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी जवळचा डॉक्टर नक्की करा आणि रात्री कोण बघतं तेही विचारून ठेवा. पिल्लू दाखल करायची वेळ आली तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत. त्यांच्या वेळा आणि रात्रीची सोय आधीच विचारा. पहिल्या भेटीला वजनाची वही, आधीचं कार्ड आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत त्याच सकाळची शी घेऊन जा. पिल्लू मात्र दवाखान्याच्या बाकावर किंवा फरशीवर ठेवू नका, मांडीवरच ठेवा; तिथे आधी बसून गेलेल्याला पार्वो होता की नाही हे कुणालाच माहीत नसतं.